वजनकाट्याची पूजा

ये, इकडे बस. लांब नको, इथे माझ्या गुडघ्याशी. आणि तो फोन आधी उलटा ठेव. गेल्या खेपेला आलीस ती अशीच, एका हातात फोन आणि दुसऱ्या हाताने ताटातला भात कडेला सारत. विचारलं तर म्हणालीस, "आजी, कार्ब्ज." राग नाही आला ग मला, पण वाईट वाटलं. पुण्याहून नात येते आणि माझ्या हातच्या भाताला भिते. म्हणून हे लिहून ठेवते. सातवीपर्यंतची माझी शाळा, पुढचं सगळं पुडीचे कागद वाचून शिकले. बोलते तसंच लिहिणार. तू समोर आहेस असं धरून चालते.

माझ्या शेजारच्या अक्का तुला ठाऊक आहेत. त्या घराच्या मालकीणबाई, वर एकट्या राहतात, खाली भाडेकरू. मी निपाणीकडची, लग्न होऊन इथे बंगळूरात मल्लेश्वरमला आले त्याला जन्म लोटला, तरी मला हाक मारतात "ए बेळगावी." निपाणी वेगळं, बेळगाव वेगळं, हे सांगून मी थकले. त्या म्हणतात, "स्वल्प इकडे-तिकडे, एकच की." भांडण आमचं रोजचं आणि कॉफीही रोजची.

तर त्यांच्याकडे खाली एक जोडपं राहायला आलं. तुझ्याच पुण्याचं. तो कॉम्प्युटरवाल्या मोठ्या कंपनीत, दिसायला नीटनेटका, बोलायला मऊ. मला "काकू" म्हणायचा, अक्कांची गॅसची टाकी उचलून वर नेऊन द्यायचा. त्याची बायको मात्र दिसायची नाही. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी माझ्या तुळशीकडे उघडते, तिच्यातून काय दिसेल तेवढीच दिसायची. गोल चेहरा, घट्ट बांधलेले केस. मराठी बोलणारी पोर शेजारी आली म्हणून मी हरखले. धपाटी केली, डबा भरून दिला. संध्याकाळी डबा परत आला तो नवऱ्याच्या हातून, जसाच्या तसा.

"काकू, प्लीज काही देत जाऊ नका. तिचं डाएट चालू आहे."

बरं बाबा, म्हटलं. तुम्हा लोकांचं डाएट म्हणजे आमच्या चातुर्मासासारखं असेल.

मग एके दुपारी तुळशीला पाणी घालत होते, तर खिडकीतून हळूच आवाज आला. "काकू, तुमच्याकडे वजनकाटा आहे?"

मी हसले. म्हटलं, "माझ्याकडे कुठला? स्टेशनवर असायचा बघ, नाणं टाकलं की चिठ्ठी यायची, मागे भविष्य छापलेलं."

ती हसली नाही. म्हणाली, "रविवारच्या आधी एकदा बघायचं होतं." आणि लगेच दाराकडे मान वळवली, घरात कोणी नसताना. नंतर कळलं, दारावर कॅमेरा होता. कोण आलं, कोण गेलं, ते त्याला ऑफिसात फोनवर दिसायचं. खिडकी तेवढी कॅमेऱ्याच्या नजरेत येत नव्हती.

मला ते काही चैन पडू देईना. वजन माणसाला आवडत नसेल एक वेळ, पण वजनाला असं घाबरतं का कोणी? परीक्षेच्या निकालाला घाबरावं तसं?

मेट्रोकडे जाताना तो मोठा फलक लागतो ना, बारीक करून देणाऱ्या दवाखान्याचा? एकाच बाईचे दोन फोटो. एकात पोट सुटलेली, खांदे पाडून उभी, चेहऱ्यावर दुखवट्याला आल्यासारखा भाव. दुसऱ्यात सडसडीत, हात कमरेवर, दात दिसतायत. मी पूर्वी कधी नीट पाहिला नव्हता. त्या आठवड्यात भाजी आणायला गेले तेव्हा थांबून पाहिला. खरं सांगू, मला ती पहिली बाईच ओळखीची वाटली. रस्ता विचारायचा झाला तर मी तिलाच विचारीन. माझ्याही फोनला ही खोड लागलीय. एकदा पोटातल्या वाऱ्यावर ओव्याचा उपाय शोधला, तेव्हापासून रोज सकाळी तो मला पोटाची चरबी दाखवतो. या वयात. मी त्याला म्हणते, बाबा, हे पोट तीन बाळंतपणांचं आहे, तुझ्या बापाचं काय गेलं?

अक्कांना मी सगळं सांगितलं. परत आलेला डबा, काटा, रविवार. त्यांनी कॉफी फुंकून संपवली. मग म्हणाल्या, "बेळगावी, आपण जाऊन विचारलं तर ती नाही म्हणेल, आणि तो उद्या घर बदलेल. दार आतून उघडं राहील असं काहीतरी केलं पाहिजे."

दसरा तोंडावर आला होता. इथली रीत तुला सांगते. नवरात्रात इथल्या घरांतून पायऱ्या लावून बाहुल्या मांडतात, गोंबे म्हणतात त्यांना. सगळ्यात वर लाकडी राजा-राणी. आणि एकदा मांडल्या की त्या घरात संध्याकाळी कोणत्याही बाईने जावं, बोलावणं लागत नाही. दारात उभं राहून विचारायचं, बाहुल्या मांडल्यात का, आणि आत शिरायचं. हळदीकुंकू, उसळ हातावर घ्यायची, मगच निघायचं. येणारीला दार लावणं म्हणजे फार वाईट.

शनिवारी तो गाडी पुसत होता तेव्हा अक्का जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसल्या, गुडघा धरून. गुडघा दुखतो हे खरंच, पण त्या दिवशी जरा जास्त दुखला.

"बाळा, यंदा लोकांना वर चढवणं मला होत नाही. बाहुल्या तुमच्या हॉलमध्ये मांडते. तुझी बायको करेल सगळं."

"अक्का, तुम्ही कशाला त्रास घेता? आणि तिला माणसांची सवय नाही."

"लागेल की. बायकाच येणार, वाघ नाही येणार."

तो हसला. मालकीणबाईंना नाही कसं म्हणणार? "सरी अक्का," म्हणाला, म्हणजे बरं. कन्नड तेवढं शिकला होता.

पायऱ्या लावायला आम्ही दोघी गेलो. तो ऑफिसला गेलेला. पोर दारात उभी, जवळून मी पहिल्यांदाच पाहिली. लठ्ठ म्हणावी असं तिच्यात काही नव्हतं, भरलेली होती, आपल्याकडच्या पोरी असतात तशी. डोळ्यांखाली मात्र काळं. हॉलमध्ये एकच मोकळी भिंत होती, अक्कांनी पाट तिकडे ओढले.

"तिथे नको," ती पटकन म्हणाली. "रविवारी तिथे उभं राहायचं असतं."

आम्ही खाली पाहिलं. फरशीवर निळ्या चिकटपट्टीचे दोन तुकडे लावलेले होते. पावलं ठेवायला.

मग हळूहळू आलं सगळं, बाहुल्या पुसता पुसता. दर रविवारी सकाळी काट्यावर चढायचं, मग त्या पट्ट्यांवर आडवं वळून उभं राहायचं, तेच कपडे घालून, आणि तो फोटो काढायचा. त्या फलकावर पाहिलं होतं त्याने. म्हणायचा, नंतरच्या फोटोशेजारी लावू. हसायचं नाही, आधीच्या फोटोत बाई हसत नाही. काटा वर गेला तर फ्रीजला कुलूप, फोन त्याच्याकडे. आणि हात.

"मारतो?" अक्कांनी विचारलं, बाहुलीवरचं फडकं न थांबवता.

"चेहऱ्यावर नाही," ती म्हणाली. "फोटोत दिसेल म्हणून."

माझ्या हातातली मातीच्या वाण्याची बाहुली तशीच राहिली. मी काहीतरी बोलणार होते, पोलीस, तुझी आई, निघ इथून, सगळं एकदम तोंडात आलं. अक्कांनी डोळ्यांनीच थांबवलं मला. त्या पोरीला एवढंच म्हणाल्या, "तू कधी म्हणशील तेव्हा आम्ही आहोत. तू म्हणेपर्यंत रोज येऊ."

आणि आलो. रोज संध्याकाळी गल्लीतल्या बायका, त्यांच्या लेकी, देवळातली फुलवाली. तो घरी आला की हॉलमध्ये पाचसात जणी बसलेल्या. पोर हळदीकुंकू लावायची, उसळ वाटायची. प्रसाद म्हणून तिलाही खायला लागायचं, आम्ही बघत बसायचो ना. पहिल्या दिवशी तिने हातात उसळ घेतली आणि आधी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग खाल्ली. चौथ्या-पाचव्या दिवशी न बघता खाल्ली. एका बाईची साडी बघून "ही इरकल का?" असं आपणहून विचारलं. तिचा आवाज चांगला मोठा आहे, हे तेव्हा कळलं.

आयुधपूजा त्या वर्षी रविवारी आली. इथे त्या दिवशी रस्त्यावरची रिक्षासुद्धा झेंडूची माळ घालते. घरातली जी जी हत्यारं, अवजारं, यंत्रं, ती धुऊनपुसून मांडायची, कुंकू लावायचं, फूल वाहायचं. आणि पूजा झाली की त्या दिवशी त्यांना विश्रांती. सुईसुद्धा उचलत नाहीत.

अक्का सकाळीच तबक घेऊन खाली उतरल्या. मागे मी, माझ्यामागे आणखी चारपाच जणी. तो आंघोळ करून, फोन हातात घेऊन उभाच होता.

"अक्का, आज सकाळी?"

"आज सकाळीच असते रे ती."

मिक्सरला कुंकू लावलं, शेगडीला लावलं, त्याच्या लॅपटॉपवर फूल ठेवलं. तो हसत हात जोडत होता. अक्का म्हणाल्या, "दारावरचा तो डोळा पण यंत्रच की," आणि स्टूल ओढायला लावून मला चढवलं. मी त्या कॅमेऱ्याला असं बोटभर कुंकू लावलं की त्याला पुढे आठवडाभर सगळं लालच दिसलं असेल. बायका हसल्या. तोही हसला, पण कमी.

"झालं ना सगळं?" अक्कांनी विचारलं.

पोर आत गेली. पलंगाखालून काटा काढून घेऊन आली आणि आमच्या सगळ्यांच्या मधोमध जमिनीवर ठेवला. अक्कांनी खाली वाकून, खरोखर कण्हत वाकून, काट्यावर कुंकवाचं बोट टेकवलं आणि एक शेवंती ठेवली.

"आज याला पण विश्रांती."

"तेवढं चालतं हो," तो म्हणाला. "दोन मिनिटांचं काम असतं आमचं. चल ग."

"आज नाही चढणार मी," ती म्हणाली.

त्याने तिच्या कोपराला धरलं. आवाज मऊच होता. "आत चल, बोलू."

"इथेच बोल. यांना सांग रविवारी काय करतोस ते."

त्याची बोटं दंडात रुतलेली मी पाहिली. तिने हात ओढला, सुटला नाही. अक्का गुडघ्यावर हात टेकून उभ्या राहिल्या.

"हात सोड तिचा."

"अक्का, हा आमच्या घरातला प्रश्न आहे."

"घर माझं आहे," अक्का म्हणाल्या.

सोडला त्याने. एवढ्या बायकांच्या मध्ये काय करणार होता? ती अनवाणीच आमच्याबरोबर वर आली. तो खालून हाका मारत राहिला, आधी प्रेमाने, मग दुसऱ्या तऱ्हेने. ती दुसरी तऱ्हा सगळ्या गल्लीने ऐकली, ते बरंच झालं.

पुढचं सोपं होतं असं समजू नकोस. पोलीस ठाण्यात आम्ही बाकावर रांगेने बसलो. तो सांगत होता, तिच्या तब्येतीसाठीच केलं. तिथल्या बाईसाहेबांनी त्याच्याच फोनमधले फोटो एकामागून एक पाहिले. सगळे आधीचेच. प्रत्येकात ती मागच्यापेक्षा जास्त वाकलेली. बाईसाहेबांनी मग खुर्ची पुढे ओढून घेतली आणि लिहायला लागल्या. पुण्याहून तिची आई आली, तीही आधी म्हणाली, "बारीक हो म्हणत होता, त्यात एवढं काय?" मी भांडले नाही. जेवायला बसवलं दोघींना. दुसरी पोळी घ्यायच्या आधी पोरीने पुन्हा आमच्या तोंडाकडे पाहिलं, जुनी सवय. आईने ते पाहिलं. पुढे ती माउली नुसती तूप वाढत राहिली.

खटला अजून चालू आहे. तो घर सोडून गेला. पोर माझ्या मागच्या खोलीत भाड्याने राहते, तुझ्या आजोबांच्या ओळखीने, पीण्या म्हणून इथे कारखान्यांचा भाग आहे, तिथल्या एका कारखान्यात हिशेब बघते. फोटो काढायला अजून तयार होत नाही, लग्नाकार्यातही मागे सरकते. आम्ही ओढत नाही. काटा अक्कांकडे आहे, त्यावर त्या झेंडूची कुंडी ठेवतात.

यंदा तीही बाहुल्या मांडणार आहे, एकाच पाटावर. अक्कांना विचारत होती, "राजा नको, नुसती राणी ठेवली तर चालेल?" अक्कांनी डोकं खाजवलं, म्हणाल्या, "असं कोणी केलेलं पाहिलं नाही मी. पण सरी."

तर या नवरात्रात ये. सुट्टी नसेल तर शनिवार-रविवार ये, रात्रीची बस पकड. तिच्या दारात उभी राहून विचार, बाहुल्या मांडल्यात का, आणि सरळ आत जा. उसळ देईल ती, हातावर घे आणि तिच्यासमोर खा, तिला बरं वाटेल. मग माझ्याकडे ये. भात मी तयार ठेवते. ये ग लवकर.