आधी शिवलेलं झबलं

चर्चच्या मंडळीत तिला सगळे टाचणीमावशी म्हणत. एक तर तिच्या ओठांत कायम दोन-चार टाचण्या धरलेल्या असत, आणि त्या काढून ती जे बोलायची तेही टोचायचंच. पाळकसाहेबांच्या झग्याची उसवलेली बाही शिवताना तिने त्यांना तोंडावर सांगितलं होतं, "प्रवचनात एवढे हातवारे केले तर कापड काय करणार बिचारं? जरा शब्दांवर भागवा." पाळकसाहेब हसले, पण पुढच्या रविवारी त्यांचे दोन्ही हात पुस्तकावरून हलले नाहीत.

तर ही मावशी सरकारी दवाखान्यात दगावलेल्या बाळांसाठी झबली शिवायची. लोकांना वाटायचं, हिचंच एखादं पोर गेलं असणार, त्याशिवाय कोण असलं काम अंगावर घेतं? मावशीला या बोलण्याचा भयंकर राग येई. तिची दोन्ही मुलं धडधाकट होती आणि आईचं डोकं खायला कुठेही कमी पडत नव्हती. दुसऱ्याचं दुःख कळायला आधी आपल्या घरात मयत व्हावी लागते की काय, असं ती विचारायची.

सुरुवात झाली ती एका टॉवेलापासून. नर्सबाईंचे दुरुस्त केलेले गणवेश पोचवायला ती दवाखान्यात गेली होती. मागच्या दाराशी एक माणूस उभा होता, हातात टॉवेलात गुंडाळलेलं इवलंसं बाळ. चौकीदार त्याला सांगत होता की टॉवेल दवाखान्याचा आहे, वर शिक्का आहे, तो इथेच सोडून जा. माणूस टॉवेल सोडवायला लागला, पण गाठ सुटेना. मावशीच्या अंगाचा तिळपापड झाला. चौकीदाराला तिने जे सुनावलं ते देवळात सांगण्यासारखं नाही. मग पिशवीतून अस्तराचा पांढरा तुकडा काढून तिने स्वतः ते बाळ गुंडाळून दिलं. त्या संध्याकाळी ती मशीनवर बसली ती बसलीच. उघड्याला वस्त्र द्यावं यावर पाळकसाहेबांनी कितीतरी प्रवचनं दिली होती, पण माप घेऊन द्यावं हे तिचं तिनेच ठरवलं.

तिचा एकच नियम होता. आधी शिवून ठेवायचं नाही. दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टरचा बाळ गेल्याचा निरोप आला की मगच कात्री हातात. "आधी शिवायचं म्हणजे देवाला घाई कर म्हणून सांगायचं," ती म्हणे. झबल्याची पाठ सगळी उघडी असे, वरून खाली नुसत्या नाड्या, कारण आखडलेले हात बाहीत वाकवता येत नाहीत. शेवटचा टाका घालताना ती पुटपुटायची, "हे पोर तुझ्याकडे येतंय. त्याला गारठू देऊ नकोस." याहून लांब प्रार्थना तिला कधी जमली नाही. नवरा चेष्टा करायचा, "घरातल्या जिवंत माणसाच्या शर्टाला बटण नाही, तिकडेही जरा कृपादृष्टी होऊ दे."

असा नियम पाळणाऱ्या बाईच्या हातून तो एकदाच मोडला. सिस्टरचा फोन आला की एक मुलगी आहे, काळजाला छिद्र आहे, डॉक्टरांनी हात टेकलेत, आजचा दिवस काही काढत नाही. आणि सिस्टर संध्याकाळीच रजेवर गावी चालली होती. तिच्या मागे निरोप देणारं कोणी नव्हतं. हे पोर तसंच टॉवेलात जाईल, हे मावशीला सोसेना. तिने कात्री घेतली, झबलं शिवलं आणि दुपारीच दवाखाना गाठला.

मुलीला काचेच्या पेटीतून काढून आईजवळ दिलं होतं. वॉर्डाच्या टोकाला सात नंबरची एक छोटी खोली होती, तिथे ती कोवळी आई पोरीला छातीशी घेऊन बसली होती. नवरा लांब कामावर, सोबतीला कुणी नाही. मावशी सिस्टरला शोधत आत डोकावली, आणि तिच्या पिशवीतून बाहेर आलेली पांढरी बाही त्या आईने पाहिली.

"मावशी, हे बाळांना वाटायला आणलंय का? माझ्या पोरीला एकही कपडा नाही हो. एवढ्या लवकर होईल असं वाटलंच नव्हतं."

मावशीने बाही पिशवीत कोंबायला हात घातला. आईचा हात पुढे आला होता.

"हो," मावशी म्हणाली. "तिलाच आणलंय."

आईने झबलं पोरीला घातलं, नाड्या बांधल्या, आणि हसली. "मागून घालायचंय, किती सोपं! हिला हलवावंही लागलं नाही." दारात आलेल्या सिस्टरने हे पाहिलं, मावशीकडे एक जळजळीत नजर टाकली आणि निघून गेली.

पोरगी त्या दिवशी गेली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आई म्हणाली, मावशींचं झबलं लाभलं. आता मात्र मावशीची झोप उडाली. ती रोज जाऊ लागली. आईचे गुंतलेले केस विंचरून द्यायची, घरून गरम दूध न्यायची, पायाला तेल लावायची. पोरीचे ओठ निळसर होते आणि श्वास घेताना बरगड्या आत जायच्या, हे तिला दिसत होतं. तरीही घरी येताना ती चक्क देवाशी भांडायची, की एक चूक माझ्याकडून झाली तशी एक तुझ्याकडूनही होऊ दे, विसरून जा हिला न्यायचं.

शेवटी व्हायचं तेच झालं. फरशी पुसायला आलेली बाई पोरीकडे बघून मोठ्याने म्हणाली, "अगं बाई, जित्या पोरीला हे कुणी घातलं? हे तर गेलेल्यांचं!"

मावशी आली तेव्हा झबलं जमिनीवर पडलं होतं. पोरगी आईच्या ओढणीत होती.

"खरं आहे का?" आईने विचारलं.

"खरं आहे."

"म्हणजे तुम्ही ती मरायची वाट बघत इथे बसत होता? रोज? माझे केस विंचरत?"

मावशीला सांगता आलं असतं की सिस्टर म्हणाली म्हणून, टॉवेल म्हणून, नियम म्हणून. तिने काही सांगितलं नाही. "मी खोटं बोलले पोरी," एवढंच म्हणाली. मग आईने तिला जे काही बोलायचं ते बोलून घेतलं, अख्ख्या वॉर्डाने ऐकलं, आणि मावशी खाली मान घालून उभी राहिली.

पाळकसाहेबांच्या कानावर गेलंच. ते समजुतीने म्हणाले, "काही दिवस जाऊ नका तिकडे. मंडळीचंही नाव जोडलेलं आहे ना." मावशी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसली. तेव्हा जन्मात कधी शहाणपणाचं न बोललेला तिचा नवरा म्हणाला, "जा तू. त्या पोरीला शिव्या द्यायला तरी कुणीतरी समोर हवं ना?"

ती गेली. आईने बघितलं न बघितल्यासारखं केलं. मावशी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली. दूध ठेवलं ते तसंच गार झालं. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. त्यानंतर कधीतरी आईने ते प्यायलं, पण बोलली नाही. मावशीही बोलली नाही, आणि हे तिला ओळखणाऱ्या कुणालाही खरं वाटलं नसतं.

मग एका सकाळी आई उठली, मावशीसमोर येऊन उभी राहिली आणि पोरगी तिच्या मांडीवर ठेवली. "कितीतरी दिवस झाले, अंगावर पाणी नाही. एवढी आंघोळ करून येते. दुसऱ्या कुणाकडे देऊ?"

न्हाणीघर खोलीला लागूनच होतं. आतून पाण्याचा आवाज येऊ लागला. स्वतःची मुलं मोठी झाल्यावर मावशीने कितीतरी बाळं हाताळली होती, पण सगळी गेल्यानंतर. जिवंत पोर एवढं ऊन असतं हे ती विसरूनच गेली होती. ती त्या कोमट डोक्यावर ओठ टेकणार, तोच पोरीने एक लांब श्वास घेतला आणि पुढचा घेतलाच नाही. मग बऱ्याच वेळाने एक घेतला, अगदी वरवरचा.

घंटा हाताशी होती. वाजवली की नर्स येणार, पोरीला उचलून पडद्याआड नेणार. दवाखान्याची रीत मावशीला पाठ होती. आई केस निथळत बाहेर येईल तेव्हा तिच्या हातात मृत्यूचा कागद देतील.

मावशीने घंटा वाजवली नाही. पोरीला उराशी धरून ती न्हाणीघराच्या दारावर थापा मारू लागली. "दार उघड. आहेस तशी ये, आधी दार उघड!"

कडी निघाली. आईच्या अंगावर घाईघाईने गुंडाळलेली चादर होती. पोरीकडे बघताच तिला कळलं. तिने हात पुढे केले आणि मागे घेतले.

"साबण आहे हो हाताला."

"असू दे. घे तिला."

आई ओल्या फरशीवर बसली, पोरीला मानेशी धरून तिच्या कानात काहीबाही बोलत राहिली. पोरीने आणखी एकदा श्वास घेतला. नंतर नुसता नळ वाहत होता. मावशीने तो बंद केला.

"मावशी, खरं सांगा. गेली?"

मावशीच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "गेली गं बाळा," ती म्हणाली. "तुझ्याजवळ गेली."

वॉर्डातून चपलांचा आवाज जवळ येत होता. कुणीतरी विचारत होतं, सात नंबरचं बाळ कुठे आहे. मावशी उठली आणि तिने न्हाणीघराची कडी आतून लावून घेतली.