पोलिसांनी तिला एकच विचारलं

साताऱ्याहून सांगलीला जाणाऱ्या एसटीत ती कराडला चढली आणि माझ्या शेजारी बसली. पन्नाशीची असेल. हात कोरडे असूनही पदराने एकेक बोट पुसत होती. माझ्या मांडीवर मीच लिहिलेली रहस्यकादंबरी होती. मुखपृष्ठावरच्या बंगल्याकडे बघत तिने विचारलं, "गोष्ट कशाची हाय, दादा?"

श्रीमंतांच्या पार्टीत एका चित्रकाराचा खून होतो, ती गोष्ट मी, पुस्तक मीच लिहिलंय म्हणत, मोठ्या हौसेने सांगितली.

ती म्हणाली, "आमच्या मालकांकडंबी एक चित्रं काढणारा ऱ्हायला हुता. लय गुणी. मालकाशी भांडला आन् गच्चीवरनं खाली पडला. पिऊन तोल गेला, म्हनले. पर त्यो थेंबबी घेत नव्हता. मी तितंच हुते, वाळवण गोळा करत."

"पोलिसांना सांगितलं नाहीत?"

"त्यांनी मला एकच ईचारलं. चा झाला का म्हनून."

तिने सांगितलं, त्याची चित्रं अजून मालकांच्या दिवाणखान्यात आहेत. पाहुणे ती वाखाणतात आणि ही रोज त्यांच्यावरची धूळ पुसते.

"मालकांनी नेमकं काय केलं?" मी आवाज खाली आणून विचारलं.

तिने माझ्याकडे नीट बघितलं. "त्या मेलेल्यासाठी ईचारताय, का पुस्तकासाठी?"

वही काढायला माझा हात केव्हाच पिशवीत गेला होता आणि तिने तो पाहिला होता. ती उठली आणि इस्लामपूर येईपर्यंत पुढच्या सीटवर माझ्याकडे पाठ करून बसली.