बटाटा तरंगेपर्यंत मध

१८ सप्टेंबर. सिरक्याची बरणी गाळायचं काम त्या दिवशी काढलं होतं.

सिरका मधाचा. उंद्रीच्या आमच्या शेतात कांद्याच्या बियाण्याचा प्लॉट असतो. फुलोऱ्यात तिथे मधमाश्यांच्या पेट्या ठेवतो. त्या मधाला कांद्याचा वास येतो, घरात कोणी पोळीला लावत नाही. नवऱ्याचं म्हणणं, माश्यांनाच परत पाजू. मी म्हटलं, सिरका करते. मोठ्या जाऊबाईंच्या मुलीचं लग्न दिवाळीनंतर होतं आणि पंगतीत सिरक्यातला कांदा ठेवायचा होता. ‘विकतचा आणू नका, मी देते,’ असं मी चारचौघांत बोलून बसले होते.

पाण्यात मध किती घालायचा, एवढंच ठरवायचं होतं. माहेरी बाजरीचं बी पेरणीआधी मिठाच्या पाण्यात टाकत, पोचट दाणे वर यावेत म्हणून. पाणी पुरेसं खारट झालं का, हे बघायला त्यात बटाटा सोडत. तरंगला की मीठ पुरे. मी तोच नियम मधाला लावला. मध ओतत गेले, ढवळत गेले. चार वाट्या पाण्याला एक वाटी मध, असं माप झालं तेव्हा कुठे बटाट्याचं डोकं वर आलं. मूठभर मनुका टाकून फडकं बांधलं. फसफस सुरू झाली, यथावकाश थांबली. मग मनुका काढल्या आणि चिखलीहून आणलेला कच्चा सिरका विरजणासारखा त्यात थोडा ओतला. आता वर पांढरी साय धरायची आणि खालचं पाणी आंबट व्हायचं.

त्या दिवशी फडकं सोडलं तर सायीचा पत्ता नाही. वास मात्र छान, कांद्याचा मागमूस नाही. वाटीत काढून जाऊबाईंना दिलं. त्यांनी एक घोट घेतला आणि उरलेलंही संपवलं.

“आंबट झालं का?”

“आंबट कायचं वो? छातीत गरम लागते. दे बरं अजून थोडं.”

दुसरी वाटी रिकामी झाल्यावर त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. “अवो माय, हे तं दारू होय! माझ्या व्याह्यांले पंगतीत दारू वाढतं का?”

ओसरीवरून नवरा म्हणाला, “माश्यांले पाजू म्हणत होतो ना? त्या तरी गप राह्यल्या असत्या.”

मी मधाचा डबा उघडून बघितला. डब्याच्या तळाशी थोडाच मध उरला होता. त्याचाही असाच घोळ झाला तर लग्नात विकतचा सिरका आणि वर सगळ्यांचे टोमणे.

“ठेवून देते अजून महिनाभर,” मी म्हटलं. “होईल आंबट.”

“ठेवून कायची होते? आमच्या माहेरी सोनाळ्याकडं मोहाची बाटली कोणाच्या घरी आंबट झालेली मी तं पाह्यली नाही. शिंदी मात्र सकाळची दुपारी आंबते.”

मी गाळणं खाली ठेवलं. शिंदी म्हणजे झाडाची ताडी, ती पातळ; मोहाची कडक. पातळ ते आंबतं, कडक ते टिकतं. म्हणजे मध जास्त झाला होता. बियाला जड पाणी लागतं म्हणून सिरक्यालाही लागेल, हे मी कशावरून धरलं होतं? बरं, यात नव्या मधाची गरजच नव्हती. पाणी घालायचं होतं. तेव्हापासून माझं माप एका वाटीला नऊ वाट्या पाणी आहे; आणि लग्नात कांदा शेवटच्या पंगतीला पुरला नाही, एवढा उठला.

“जेवढ्यास तेवढं पाणी घालते,” मी म्हटलं.

“सगळ्यात नको घालू वो. एक बाटली अशीच राहू दे. माझे गुडघे दुखतात.”

“गुडघ्यांना चोळणार का?”

“आतून चोळीन.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी उकळून गार केलं. रुंद तोंडाच्या दोन बरण्यांत बाटलीभर सोडून बाकीचं सगळं वाटून त्यात पाणी आणि उरलेला कच्चा सिरका ओतला, फडकी बांधली. मधाचा डबा नवऱ्याच्या हाती दिला, माश्यांसाठी. जाऊबाईंची बाटली गव्हाच्या कोठीमागे ठेवली आणि बटाटे चिरायला घेतले.