चतुराबाईची मोहरी

पिंपळे गुरवात चतुराबाईशी भांडायला सहसा कुणी धजत नसे. एक तर तिची जीभ तिखट, आणि त्यातून ती मरणाच्या दारात जाऊन परत आलेली. अशा बाईला शाप देऊन तरी उपयोग काय, असं आळीतल्या बायका म्हणत. चतुराबाईला दोन्ही गोष्टींचा अभिमान होता, पण जिभेचा जरा जास्त.

गावची माळजमीन कंपन्यांकडे गेली, चतुराबाईचा नवरा खंडू शेतकऱ्याचा कामगार झाला आणि त्यानंतर काही वर्षांनी तिच्या डाव्या छातीत गाठ निघाली. तिची थोरली बहीण कस्तुरा तळेगावला दिलेली. तिलाही अशीच गाठ झाली होती. ती पदराखाली झाकून, वर हळदीचा लेप लावून, कुणाला न सांगता कस्तुरा गेली. शेवटी चतुराबाईच तिच्या उशाशी बसून होती. म्हणून स्वतःच्या हाताला गाठ लागली त्या दिवशीच तिने तव्यावरची भाकरी उतरवली आणि नवऱ्याला सरळ सांगून टाकलं. पहिल्या शिफ्टहून आलेला खंडू पाय धूत होता, तो ओल्या पायांनी तसाच उभा राहिला. मग मुंबईला ऑपरेशन झालं आणि चतुराबाई एका बाजूने सपाट होऊन घरी आली.

आता पंचाईत अशी की चोळी एका अंगाला लोंबू लागली. कापूस भरून पाहिला, तर तो चालता चालता गळ्याशी यायचा. शेवटी तिला माळ्यावरची मोहरीची उशी आठवली. डोकं गोल व्हावं म्हणून तान्ह्या पोराला देतात तीच. तिची दोन्ही पोरं तिच्यावर निजलेली. त्यांची डोकी गोल झाली, अक्कल मात्र बापावर गेली, असं ती म्हणे. उशी उसवून तिने मापाची पिशवी शिवली. वजन बरोबर, उन्हाळ्यात गारवा, आणि पोरांच्या वासाची चीज छातीशी, एवढं सगळं एका पिशवीत साधलं.

पण श्रावणात एकदा नदीवरून धुणं आणताना ती चिंब भिजली आणि तापाने पडली. पिशवी खुंटीला तशीच ओली लटकत राहिली. ती उठून बसते तोवर शिवणीतून हिरवे कोंब बाहेर डोकावत होते. खंडूने ते पाहिले आणि तो मटकन खालीच बसला.

"आपली जमीन कंपनीनं नेली," तो म्हणाला, "आन् आमच्या बाईनं अंगावर पेरणी केली."

तो डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. मग तीही हसली. ऑपरेशन झाल्यापासून त्या घरात कुणी हसलं नव्हतं, दोघं एकमेकांकडे बघायचीसुद्धा चुकवून. आपण मुंबईहून खऱ्या अर्थाने घरी आलो ते त्या दिवशी, असं चतुराबाईला पुढे कायम वाटत राहिलं.

ही बातमी आळीभर केली ती तिच्या धाकट्या जावेने, रंभाने. ऑपरेशननंतर चतुराबाईचा डावा हात सुजायचा, तो कायमचाच. भरली घागर उचलवत नसे. रंभा रोज तिचं पाणी भरायची, पण फुकट नाही. प्रत्येक घागरीमागे एक टोमणा ठरलेला.

"अक्का, औंदा पीक कसं हाय?"

"तुझ्या घरापरीस बरं," चतुराबाई म्हणायची.

मग एका हिवाळ्यात खंडू कामावरून आला, सायकल भिंतीला टेकवली, उंबऱ्यावर बसला आणि उठलाच नाही. चतुराबाई रडली, आणि त्यानंतर कित्येक महिने तिने कुणालाही टोमणा मारला नाही. आळीला चुकल्याचुकल्यासारखं झालं. शेवटी रंभानेच एक दिवस मुद्दाम तोंड वाकडं करून सांगितलं, की अक्काच्या कालवणाला अलीकडे चवच नसते. त्यावर चतुराबाईने रंभाच्या माहेरच्या सात पिढ्यांचा स्वयंपाक काढला. सगळ्यांना हायसं वाटलं.

अशीच काही वर्षं गेली. रंभाच्या मुलीचं लग्न ठरलं, माघातला मुहूर्त निघाला. एका दुपारी रंभा तांदूळ निवडायला म्हणून येऊन बसली. बराच वेळ खडेच शोधत होती.

"अक्का, तुझ्या त्या पिशवीला मोहरी किती लागती गं?"

"का? लोणचं घालतीस?"

"न्हाई. रावेतला माझ्या माहेरात एक बाई हाय. तिनं इचारलंय."

"गाठ काढली तिची?"

"दाखवली न्हाई अजून. पोरीचं लगीन तोंडावर हाय तिच्या. उरकलं की बघू म्हणती."

चतुराबाईचा हात सुपातच थांबला. तिला कस्तुराचा पदर दिसला. रंभाच्या मुस्काटात द्यावी आणि तिला फरफटत दवाखान्यात न्यावं, असं तिला वाटलं. पण ती रंभाला ओळखून होती. कोंडीत पकडली तर ही लग्न होईस्तोवर तोंड उघडणार नाही. तोंडाशी आलेलं गिळणं चतुराबाईला जन्मात जमलं नव्हतं, ते त्या दिवशी जमलं.

"मोहरी मी दीन," ती म्हणाली. "पर आधी दवाखाना. तिला उद्या सकाळी बस थांब्यावर घेऊन ये, मी येते संगं. आन् सांग तिला, माझी थोरली भैनबी बघू बघूच म्हणायची."

रात्रभर चतुराबाईचा डोळ्याला डोळा लागला नाही. रंभा आली नाही तर काय करायचं, ते तिला सुचत नव्हतं.

सकाळी रंभा थांब्यावर उभी होती. एकटीच, अंगभर पदर घट्ट लपेटून.

"कुठाय ती बाई?"

"आली न्हाई."

"बरं. आता आलोच हाय, तर तिच्या बदली तुझंच दाखवू."

रंभाने मान खाली घातली. "तुला कवा कळलं?"

"मोहरी इचारलीस तवाच. तू माझ्याकडं कधी मीठसुदिक मागितलं न्हाईस."

"मला लई भ्या वाटतंय, अक्का."

"वाटू दे. मलाबी वाटलं व्हतं. बस आली, चल."

रंभाचंही मुंबईला ऑपरेशन झालं. वेळेवर आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. लग्न मात्र माघातून वैशाखावर गेलं. व्याह्यांना चतुराबाईने एकटीने गाठलं, त्यामुळे ते फारसे कुरकुरले नाहीत.

मांडव पडायच्या आधी चतुराबाई तव्यावर मोहरी भाजत होती. मोहरी तडतडत होती आणि घरभर ठसका उठला होता.

"भाजतीस कशाला?" रंभाने खोकत विचारलं.

"भाजलेली उगवत न्हाई. भर मांडवात कोंब आलं तर व्याही काय म्हणतील?"

"मग तुझीबी भाजून टाक की. दर पावसाळ्याला जपत बसतीस."

"माझी न्हाई भाजायची," चतुराबाई म्हणाली. तिने सुईत दोरा ओवला. "धनी कोंब बघून हसले व्हते. कच्ची असली की वाटतं, अजून एकदा हसतील."

चतुराबाईने नवी पिशवी भरली आणि तोंड शिवायला घेतलं, तेव्हा रंभाने तिचा हात धरला. डब्यातली चिमूटभर कच्ची मोहरी घेऊन तिने पिशवीत टाकली.

"ऱ्हाऊ दे थोडी माझ्यातबी," ती म्हणाली. "मुंबईहून आल्यापास्नं आमच्या घरातबी कुणी हसलं न्हाई."

चतुराबाईने डबा पुढे ओढला, आणखी एक मूठ कच्ची मोहरी आत घातली आणि पिशवीचं तोंड शिवून टाकलं.