कूलरमधली हातभट्टी

आमच्या घराण्यात आजवर एकाच माणसाने दारू गाळली आहे, आणि ती मी. तीसुद्धा प्यायला नाही. फरशी पुसायला!

हे आज सांगायचं कारण माझी नात. परवा ती मोबाईल नाचवत आली. "आजी, हे बघ! फळांच्या साली, गूळ आणि पाणी. बरणीत ठेवायचं, आणि मग त्याने घर पुसायचं. सगळं घरगुती!" जणू हे ज्ञान कालच आकाशातून पडलं! मी म्हटलं, "बाळा, हे सगळं मी तुझ्या बापाच्या जन्माआधी करून बसले आहे. आणि त्यानंतर आठ दिवस या घरात माझ्याशी कोणी बोललं नव्हतं."

तेव्हा मला एरंडोलहून लग्न होऊन जळगावात येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. बी.ए.ला मी गृहशास्त्र घेतलं होतं, आणि सासरच्या कोणालाही हे विसरता येऊ नये याची मी रोज काळजी घेत असे. (साधी डाळ भिजत घातली तरी ती मी 'शास्त्रीय पद्धतीने' भिजत घालत असे. डाळीला फरक कळत नव्हता.)

माझे सासरे, म्हणजे आबा, निवृत्त मुख्याध्यापक. निवृत्तीनंतर त्यांनी दारूविरुद्ध युद्ध पुकारलं होतं. पहूरच्या बाजारात खोक्यावर उभं राहून ते भाषण करत, तेव्हा भजी तळणारासुद्धा झारा बाजूला ठेवून ऐके. आमच्या बाहेरच्या खोलीत कवटीचं मोठं चित्र टांगलेलं होतं आणि खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'आज घोट, उद्या घात'. आमच्याकडे आलेला पाहुणा चहासुद्धा दोनदा विचार करून पीत असे. आबांनी आपल्या हाताने शपथ देऊन दारू सोडवलेला एक माणूस आमच्याच गल्लीत राहायचा, डाळ मिलमधला हमाल रामदास. आबा त्याला दर सभेला सोबत नेत आणि व्यासपीठावर उभा करत.

आता मुद्द्याचं. माझी नणंद शैला लग्नाची होती. आदल्या उन्हाळ्यात पाचोऱ्याचं एक स्थळ येऊन गेलं आणि निरोप आला, "मुलगी पसंत आहे, पण घर फार कुबट आहे." कुबट! आमचं घर! मला आजही त्या निरोपाची चीड येते. घर नव्हतं हो कुबट, कूलर कुबट होता. जळगावच्या मे महिन्यात कूलर हा घरातला कर्ता पुरुष असतो, त्याला कोणी बोलत नाही. आमचा कर्ता लोखंडी होता, दरवाज्याएवढा. त्याच्या ताट्यांमधलं गवत भिजलं, की आख्ख्या घरात ओल्या बकरीचा वास सुटायचा.

यंदा स्थळ धुळ्याचं होतं. मुलगा इंजिनिअर. शैलाने त्याला मावसबहिणीच्या लग्नात पाहिला होता, आणि तेव्हापासून ती पोळ्या करपवत होती. ती मला माजघरात ओढून म्हणाली, "वहिनी, या वेळी वासापायी काही झालं ना, तर मी त्या कूलरच्या टाकीतच जीव देईन."

"टाकीत वीतभर पाणी आहे, शैला."

"मग वीतभर देईन!"

आता सांगा, अशा वेळी गृहशास्त्र शिकलेली वहिनी स्वस्थ बसेल का?

माझ्या सासूबाई, अक्का, यांच्याकडे उपाय तयार होता. "निंबना पाला उकाळ, त्या पाणीघाई फरशी पूस. कोपरामा कापूर ठेव. सांजले ऊद फिराव. बठ्ठं घर चांगलं व्हई जाई."

कडुनिंब दारात, कापूर देवघरात, ऊद डब्यात. अर्ध्या तासाचं काम. पण मला हे साधं करायचंच नव्हतं! माझ्याकडे वर्तमानपत्राच्या महिलांच्या पानावरचं कात्रण होतं. 'लिंबू-मोसंबीच्या साली, थोडा गूळ, पाणी. मिश्रण तीन महिने मुरू द्यावे. फरशी चमकते, दुर्गंधी पळते.' मी अक्कांना ते वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "तीन महिना? पाहुणा तं बारा दिवसमा येतीन." मी हसले. कसलं हसले म्हणता! शिकलेली सून न शिकलेल्या सासूकडे बघून हसते तसं. ते हसू आठवलं की आज मला माझीच कानशिलं शेकावीशी वाटतात.

अडचणी दोन होत्या. एक म्हणजे सालींची. मे महिन्यात जळगावात लिंबू म्हणजे सराफाच्या दुकानात ठेवायची वस्तू. पण त्याच आठवड्यात रावेरच्या मामांनी केळीचे दोन घड पाठवले होते, आणि त्या उन्हात ती सगळी केळी एका रात्रीत पिकली. सकाळी शिकरण, दुपारी केळी, संध्याकाळी 'उरलेली संपवा रे' म्हणून केळी. सालींचा डोंगर झाला. मी म्हटलं, साल ते साल! लिंबाचं काय आणि केळीचं काय?

दुसरी अडचण वेळेची. मग मी गृहशास्त्राला स्मरून विचार केला, की मुरायची क्रिया लवकर कशाने होते? खमिराने! कोपऱ्यावरच्या बेकरीतून पावाचं खमीर आणलं. गूळ कात्रणात 'थोडा' होता, मी दोन मोठे खडे घातले. (कंजूषपणा माझ्या स्वभावात नाही.) अक्कांची लोणच्याची सगळ्यात मोठी बरणी न विचारता घेतली, साली, काही केळीसुद्धा, गूळ, खमीर, पाणी, आणि वर फडकं बांधून कोठीच्या खोलीत ठेवली.

तिसऱ्या दिवशी अक्का दबकत माझ्याजवळ आल्या. "सूनबाई, कोठीमा काहीतरी बोली राह्यनं."

"काही नाही अक्का, मिश्रण मुरतंय."

"बडबड करी करीसन मुरस?"

बुडबुड, बुडबुड. रोज सकाळी मी फडकं उघडून हुंगायची आणि मान डोलवायची. आंबूस, गोडसर, जरा झोंबणारा वास. आता तुम्ही विचाराल, बाई, तुला कळलं कसं नाही? अहो, कळणार कसं! मी वारकरी बापाची मुलगी, आणि सासरा असा, की खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर काय काय लिहिलंय ते भिंगाने वाचणारा. आमच्या घरात दारूचा वास ओळखणारं एकही नाक नव्हतं! अक्कांनीही हुंगलं आणि म्हणाल्या, "केळाना वास येस. गोड शे." आमचे हे पाइपच्या कारखान्यात नोकरीला. त्यांना दिवसभर प्लास्टिकशिवाय कसलाच वास यायचा नाही. त्यांनी नुसतं "छान" म्हटलं. (ते अजूनही प्रत्येक गोष्टीला 'छान' म्हणतात. या प्रकरणात त्यांचं एवढंच योगदान.)

बाराव्या दिवशी पहाटे उठून मी ते पाणी जुन्या पातळाच्या स्वच्छ फडक्यातून गाळलं. घागरभर निघालं, सोनेरी. मग पाचही खोल्यांच्या फरश्या पुसल्या. घागर अर्धी उरली. आणि मग मला ती अलौकिक कल्पना सुचली. वास मुळात येतो कुठून? कूलरमधून! मग औषध तिथेच द्यायला नको? उरलेलं सगळं मी कूलरच्या टाकीत ओतलं.

अकरा वाजता धुळ्याची मंडळी आली. मुलाचे वडील, त्यांना सगळे नाना म्हणत, गोल, हसरे, डोक्यावर टोपी. मुलाची आई, म्हणजे काकू, शिडशिडीत, नजर सुईसारखी. आणि मुलगा, जो आला तसा पडद्याकडेच बघत बसला. बाहेर आग ओतत होती. आमच्या ह्यांनी मोठ्या ऐटीत कूलरचा खटका दाबला.

फर्रर्र!

नाना खुर्चीत होते ते सावकाश ताठ झाले. त्यांनी एक श्वास घेतला. मग दुसरा, लांब. मग त्यांनी खुर्ची हळूच कूलरकडे सरकवली.

"किती गार वाटतंय, आबासाहेब!"

"घर साधं आहे," आबा म्हणाले, "पण वातावरण शुद्ध ठेवलंय. या घरात सुपारीचं खांडसुद्धा येत नाही." आणि ते कवटीच्या चित्राकडे वळले. दारूने कुटुंब कसं नासतं यावर त्यांनी भाषण सुरू केलं. मागून कूलर त्यांचं धोतर उडवत नानांच्या तोंडावर दारूचे भपके सोडत होता! नानांनी खुर्ची आणखी वीतभर सरकवली आणि डोळे मिटले. भाषणावर एवढा तल्लीन झालेला श्रोता आबांना पहूरमध्येही मिळाला नव्हता.

काकूंच्या नाकपुड्या मात्र फुलल्या. त्यांनी हवा हुंगली. मग वाकून नानांचा खांदा हुंगला. मग दातांवर दात ठेवून, पण मला ऐकू जाईल इतक्या आवाजात, "पारोळ्याले गाडी थांबली तवा तुम्ही कुठी गेल्थे?"

"पाणी प्यायले!"

"कसलं पाणी?"

"साधं! देवाशप्पथ साधं! नाही वं, मी नाही!"

मी पडद्याआड उभी राहून जळत होते. म्हटलं, कसलं हे स्थळ! माणूस पिऊन आलाय आमच्याकडे मुलगी बघायला! मी तरातरा आत गेले आणि शैलाला म्हटलं, "सासरा पितो तुझा." पोह्यांची ताटली हातात धरलेली ती पोर पांढरीफटक पडली. (बघा, स्वतः दारू पाजून वर माझाच संताप!)

एवढ्यात दारात रामदास उभा राहिला. खिडकीजवळून जाता जाता थबकला असावा. त्याने आत पाहिलं. आबांना पाहिलं, कवटी पाहिली, खोल श्वास घेतला, आणि त्या सहा फुटी हमालाने दाराची चौकट धरली.

"आबा," तो म्हणाला, "तुम्ही बी?"

"मी बी काय?"

"मले शपथ दिली, आबा. अडीच वरीस झालं, मी थेंब नाही घेतला. अन् तुम्ही... भरदुपारी... घरात..." आणि तो ओट्यावर बसून चक्क रडायला लागला!

आबा ताडकन उभे राहिले. "काय बोलतोस! माझ्या घरात दारू? कुठे आहे? दाखव!"

आणि तेव्हा नाना, बिचारे, मदत करायला गेले. डोळे न उघडताच, एखाद्या जाणत्या वैद्यासारखे म्हणाले, "कूलरमधून येतेय. मोहाची नाही. केळीची आहे. दहा-बारा दिवसांची असावी."

फक्त कूलर बोलत होता.

काकू अतिशय गोड आवाजात म्हणाल्या, "वासावरून दिवससुद्धा कळतात का हो तुम्हाले?"

नानांनी डोळे उघडले आणि त्यांना बहुधा धुळ्यापर्यंतचं पुढचं सगळं भविष्य दिसलं.

आता मला बाहेर येणं भाग होतं. पदर सावरत आले, एका हातात रिकामी घागर, दुसऱ्यात कात्रण. "आबा, ती दारू नाही. ते फरशी पुसायचं औषध आहे. पेपरात आलंय." आबांनी चष्मा लावला आणि कात्रण वाचलं. मग मुख्याध्यापकांच्या आवाजात माझी तोंडी परीक्षा सुरू झाली, पाहुण्यांसमोर.

"यात लिंबाच्या साली म्हटल्या आहेत. तू काय घातलंस?"

"केळी."

"तीन महिने म्हटलंय. तू किती ठेवलंस?"

"बारा दिवस."

"खमीर कुठे लिहिलंय?"

"नाही लिहिलेलं."

"गूळ थोडा म्हटलाय."

"दोन खडे. मोठे."

"मग यातलं तू नेमकं पाळलंस काय?"

"बरणी," मी म्हटलं.

"मन्ही लोणचानी बरणी!" आतून अक्का किंचाळल्या. "बाटवी टाकी वं मन्ही बरणी!"

इथे मुलगा फुटला. आधी खोकल्यासारखं काहीतरी केलं, मग रुमाल तोंडात कोंबला, मग राहवेना तेव्हा सरळ गुडघ्यांत डोकं घालून हसला. पडद्याआडून शैलाचंही हसू ऐकू आलं आणि तिच्या ताटलीतले पोहे फरशीवर सांडले. (त्या फरशीवर!) हसले नाहीत ते आबा, काकू आणि मी. रामदासला आबांनी घागर हुंगायला देऊन खात्री पटवली, ही आणखी एक चूक. त्याला त्या घागरीपासून उठवायला दोन माणसं लागली.

पाहुणे गेले. ना हो, ना नाही. घराने माझ्याशी बोलणं सोडलं. अक्कांनी निंबाचा पाला उकळला, फरश्या पुसल्या, कोपऱ्यांत कापूर ठेवला, ऊद फिरवला, आणि अर्ध्या तासात घराला असा काही छान वास सुटला, की मला रडूच आलं. बरं, एवढं सगळं झालं, पण फरशी किती चमकत होती हे एकाने तरी म्हणावं! आरशासारखी चमकत होती! त्याबद्दल चकार शब्द नाही. माणसाच्या गुणांची कदर म्हणून नाही या घरात. शैला रोज पोस्टमन दिसला की दारात धावायची आणि परत येताना माझ्याकडे अशी बघायची, की मला त्या टाकीतलं वीतभर पाणी आठवायचं.

नवव्या दिवशी पत्र आलं. पसंत आहे! का, ते कोणालाच कळेना. आबा म्हणाले, मुलगा समंजस आहे. अक्का म्हणाल्या, देवीची कृपा. मला मनातून वाटत होतं, फरशीच पाहिली असणार.

लग्न झालं. पाठवणीच्या वेळी सगळे रडत होते, आणि काकूंनी, आता त्या शैलाच्या सासूबाई, मला बाजूला घेतलं. मी पदर सावरला. म्हटलं, आता तरी कोणी फरशीचं नाव काढेल. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या:

"पोरी, बारा दिवस घरात दारू आंबली अन् एका माणसाले वास ओळखू आला नाही, असं घर मी आजवर पाहिलं नव्हतं. तिथंच ठरवलं, पोरगी इथलीच करायची. फक्त एक ऐक. धुळ्याले आलीस की जेव, राहा, काय पाहिजे ते कर, पण आमच्या फरशीले हात लावू नको. आमचे हे चाटून काढतील."