उंबऱ्यावरची प्रार्थना

आमच्या घरात देवाला सांगितल्याशिवाय काही होत नसे. स्टोव्ह पेटवण्याआधी आई डोळे मिटायची. पाव्हणं ताटावर बसलं तरी त्यांना घटकाभर थांबवायची. दिवेलागणीला चटई अंथरली जायची. बाबा पवित्र शास्त्रातला अध्याय वाचायचे, मग एक गीत आणि प्रार्थना. बाबा उद्यमनगरात फौंड्रीत कामाला होते. कितीही हात धुतले तरी शास्त्राच्या पानांच्या कडांना त्यांच्या बोटांचा काळा डाग लागायचाच.

सत्तर सालच्या सुमाराला, मी अकरा वर्षांची असताना, कोंबड्यांचं खुराडं दुरुस्त करायला बाबांनी कारखान्यातून एक लोखंडी पट्टी आणली. उरलेला तुकडा परसात पडून राहिला. माझी सहा वर्षांची बहीण सदा अनवाणी पळायची. तो तुकडा तिच्या टाचेत घुसला. आईनं जखम धुतली, हळद भरली, चिंधी बांधली. आठवड्यानं तिचा जबडा उघडेना.

धनुर्वात झाला होता. दवाखान्यात तिला अंधाऱ्या खोलीत ठेवलं. जरा कुठं भांडं वाजलं की तिचं अंग ताठ व्हायचं. नर्सनं आईला बजावलं, "बोलायचं न्हाय, गायचं न्हाय. प्रार्थनासुद्धा मनातल्या मनात." मी दाराच्या फटीतून पाहिलं, आईचे ओठ नुसते हलत होते. चौथ्या दिवशी बहीण गेली.

कबरीपाशी पाळकसाहेब म्हणाले, देवानं आपल्या बागेतलं फूल नेलं. ते ऐकलं आणि बाबा वळून चालू लागले. माती टाकायलासुद्धा थांबले नाहीत.

त्यानंतर दिवेलागणीला बाबा बाहेर पायरीवर जाऊन बसायचे. "या की आत," आई म्हणायची. "तुमी करा," एवढंच उत्तर. अध्याय मी वाचू लागले. वाचताना माझा आवाज मलाच परका वाटायचा. एकदा मी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "कशाला करायची प्रार्थना? त्यानं ऐकलं न्हाय."

आई भाकरीचं पीठ मळत होती. "ऐकलं का न्हाय, मला ठावं न्हाय," ती म्हणाली. "पर त्याच्यासंगं बोलायचं सोडलं, तर ह्या घरात कोण कुणासंगं बोलणार?"

ते खरंच होतं. आई-बाबा एकमेकांशी मीठ दे, पाणी दे, यापलीकडं बोलत नव्हती.

असे चार-पाच महिने गेले. एका संध्याकाळी आईनं चटई उचलली आणि उंबऱ्याजवळ, बाबांच्या पाठीमागं अंथरली. गीत नाही, अध्याय नाही. तिनं डोळे मिटले.

"देवा, हळद मी भरली. पोरीला सुई द्यायला दवाखान्यात न्हेलं न्हाय. काम हाय, उद्या जाऊ, उद्या जाऊ, असं म्हणत बसले."

"गप बस की!" बाबा ओरडले.

आई चटईवरून उठली नाही. मग बाबा तसेच पाठमोरे बोलले, "पट्टी मी आणलीती."

"हे पण ऐक, देवा," आई म्हणाली.

बाबांचे खांदे हलू लागले. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

बाबांनी पुढं कधी मोठ्यानं प्रार्थना केली नाही. ते चटईवर येऊन बसायचे, मान खाली घालून. फौंड्रीच्या धुळीनं छाती भरून ते गेले, तोपर्यंत बसत राहिले.

त्या संध्याकाळी मीही काही बोलायला हवं होतं. पट्टीचा तो तुकडा बहिणीच्या टाचेत घुसला, त्याच्या आदल्या दिवशी मी तो परसात पाहिला होता. उचलायचा कंटाळा केला होता. ऐंशीच्या दशकात, आईच्या शेवटच्या दुखण्यात, तिच्या खाटेशी बसून मी ते सांगितलं.

तिनं माझ्याकडं पाहिलं. "मला आत्ता सांगतीस. त्याला सांगितलंस?"

"रोज सांगते," मी म्हणाले.

तिनं मान डोलावली आणि पाणी मागितलं.