गुरुजींच्या माघारी मावशींना आणायला: जालना ते वाटूर

गुरुजी गेल्याची खबर मला जालन्याच्या भाजीबाजारात कळली. वाटूरकडचा एक ओळखीचा माणूस मेथी विकायला आला होता. जुडी हातात देता देता त्यानं सांगितलं, गुरुजी गेले, रविवारी पुण्यानुमोदन आहे. मी पिशवी तिथंच खाली ठेवली आणि भर बाजारात रडले. त्या बिचाऱ्याला काय करावं सुचेना, त्यानं एक जुडी जास्तीची पिशवीत टाकली.

घरी आल्यावर नवऱ्याला म्हटलं, मावशींना आपल्याकडं आणायचं. मावशी म्हणजे गुरुजींच्या पत्नी. मूलबाळ नाही, माहेरचं कोणी उरलेलं नाही, आणि गुरुजींसारख्या माणसाच्या माघारी त्या गावात एकट्या कशा राहणार? आमचा माणूस फार बोलणारा नाही. जेवता जेवता म्हणाला, आण. झालं, ठरलं.

आणीबाणी उठल्यानंतरची थंडी होती ती. मी जालन्यात एका दवाखान्यात नर्स होते. माझा धाकटा भाऊ सुदाम हसनाबादला शाळेवर मास्तर होता. तो शनिवारीच मुक्कामाला आला, डोळे सुजलेले. आमच्या वडिलांना रस्त्याच्या कामावर वाटूरकडं मजुरी मिळाली होती, तेव्हा आम्ही दोघं गुरुजींच्या हाताखाली शिकलो. मुलीला पुढं शिकवा म्हणून ते वडिलांच्या इतके मागं लागले की शेवटी वडील कंटाळून हो म्हणाले. मी नर्स झाले ती अशी. मोर्चे काढले म्हणून गुरुजींची नोकरी गेली, परत मिळाली. दुष्काळात मजुरांच्या हजेरीच्या पैशांसाठी कचेरीपुढं बसले, आणीबाणीत आत जाऊन आले. तुरुंगातून दमा घेऊन आले, तोच शेवटी नडला.

आता तुम्ही जालन्याहून वाटूरला गाडीनं जाल तर गाणी ऐकत पोचाल. तेव्हा तसं नव्हतं. नव्या जालन्यातून सकाळी टांग्यानं स्टँडवर जायचं आणि मंठ्याकडं जाणारी एसटी पकडायची. सकाळची चुकली तर दुपारपर्यंत माशा मारत बसायचं. तिकीट परवडणारं होतं, पण कंबर आपली आपण सांभाळायची. मागं बसू नका, इतकंच सांगते. मी ज्वारीच्या भाकरी, ठेचा आणि त्याच मेथीची भाजी बांधून घेतली होती. सुदामनं घासही घेतला नाही. दोन्ही बाजूंना कापूस वेचणं चाललं होतं, पाठीला ओट्या बांधलेल्या बाया गाडीकडं बघून हात करत होत्या. जालना जिल्हा तेव्हा झालेला नव्हता, त्यामुळं वाटूर म्हणजे आम्हाला परजिल्हा. तिथं उतरल्यावर मात्र मला माहेरी आल्यासारखं वाटलं, आणि दारात उभे राहणारे गुरुजी आता नाहीत, हे मागून आठवलं.

वस्तीत मांडव घातला होता. आजूबाजूच्या खेड्यांतून लोक चालत आले होते. गावातली काही शेतकरी मंडळीही होती, त्यांची मुलं गुरुजींकडं शिकलेली. त्रिशरण, पंचशील झालं. माणसं बोलायला उठत, दोन वाक्यं बोलून खाली बसत. मावशी पांढऱ्या लुगड्यात समोर ताठ बसल्या होत्या. त्या रडत नव्हत्या, म्हणून आम्हालाही नीट रडता येईना.

जेवणं उरकल्यावर आम्ही मावशींना गाठलं. मी म्हटलं, माझ्याकडं चला. त्या म्हणाल्या, बघू. सुदामला 'बघू' चालणार नव्हतं. गुरुजी होते म्हणून गाव गप होतं, आता तुमच्यामागं कोण उभं राहणार, असं त्यानं परत परत विचारलं. मावशी उठल्या. मग आत गेल्या आणि ट्रंक भरायला लागल्या. मला इतकं हायसं वाटलं! शेजारणीला किल्ली दिली, सुदामनं ट्रंक खांद्यावर घेतली आणि आम्ही फाट्याकडं निघालो.

फाट्यावर मुंजाभाऊंचं हॉटेल. हॉटेल म्हणजे पत्र्याचं छप्पर, भट्टी, गोडीशेव आणि भज्यांचं ताट. आलेल्या सगळ्यांना आज माझ्याकडून चहा, असा मुंजाभाऊंनी निरोप धाडला होता. या हॉटेलाची कथा सांगायला पाहिजे. आमच्या लहानपणी आमच्या लोकांचे कप इथं दाराबाहेर खिळ्यांना टांगलेले असत. आपला कप आपण काढायचा, वरून ओतलेला चहा प्यायचा, धुऊन परत टांगायचा. गुरुजींनी भांडण केलं नाही की मोर्चा आणला नाही. शाळा सुटली की वह्या घेऊन ते दारातल्या बाकड्यावर बसत आणि आतल्या कपात चहा मागत. मिळत नसे. मग ते दिवेलागणीपर्यंत वह्या तपासत आणि घरी जात. दुसऱ्या दिवशी परत हजर. असे कितीतरी महिने गेले. एक दिवस मुंजाभाऊंनीच आतला कप आणून त्यांच्यापुढं ठेवला. बाहेरचे खिळे नंतर हळूहळू रिकामे झाले.

आम्ही पोचलो तेव्हा बाकडी भरलेली होती. सुदामनं ट्रंक खाली ठेवली आणि तो दाराकडं बघतच राहिला. बाहेरच्या खिळ्याला एक कप टांगलेला होता. एकटाच.

"बघ आक्का," तो म्हणाला, "गुरुजींची राख थंडी झाली न्हाई आन् कप बाहेर आला."

सगळ्यांनी वळून पाहिलं. हातातले चहाचे कप तसेच बाकड्यांवर ठेवले गेले. आमच्यातली दोन-तीन पोरं उठून उभी राहिली, भट्टीमागून मुंजाभाऊंचे पुतणेही पुढं आले. सुदामनं कप काढून वर उगारला, फोडतोच म्हणाला. खोटं कशाला सांगू, माझंही डोकं फिरलं होतं. बरं झालं मावशींना इथून नेतोय, हेच माझ्या मनात आलं.

मुंजाभाऊ धोतराला हात पुसत बाहेर आले. म्हाताऱ्यानं सुदामचं मनगट धरलं.

"फोडू नको बापा. गुरुजींचा कप हाय त्यो. आखरीचा चहा त्याच्यात पिले ते, हितंच बसून. दुसऱ्या कुणाचं तोंड लागू नये म्हणून बाजूला टांगला मी."

सुदामचा हात खाली आला. मुंजाभाऊंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते खरं होतं, ते कोणालाही दिसत होतं. आमच्यातला एक जण म्हणाला, मानानं ठेवला असंल तर राहू द्या. दुसरा म्हणाला, खाली फुलं ठेवा म्हणजे गैरसमज होणार न्हाई.

मावशी पुढं झाल्या. त्यांनी सुदामच्या हातातून कप घेतला.

"मुंजाभाऊ, येगळा कप त्यांना जित्तेपणी चालला न्हाई. आता कसा चालंल?"

त्या सरळ हॉटेलात शिरल्या, मोरीपाशी बसून कप राखेनं घासला आणि बाकीच्या कपांच्या ढिगात ठेवला. तेवढ्यावर थांबल्या नाहीत. दोन्ही हातांनी सगळे कप खालीवर केले. सगळे सारखेच, पांढरे, निळ्या काठाचे. मग म्हणाल्या, आता टाका चहा. मुंजाभाऊंनी नाक पुसलं आणि भट्टीला हवा दिली. सगळ्यांना परत चहा मिळाला, पुतण्यांनाही. माझ्या वाट्याला कुठला कप आला कोण जाणे. चहा फार गोड होता.

जालन्याची गाडी आली. सुदामनं ट्रंक उचलली, तर मावशींनी तिच्यावर हात ठेवला.

"ठेव खाली. मी न्हाई येत."

मी अक्षरशः पाया पडले. मी म्हटलं, म्हाताऱ्यानं चांगल्या मनानं केलं, वाद मिटला, आता कशासाठी थांबता?

"चांगल्या मनानं केलं, बराबर हाय. पर खिळा तिथंच हाय ना बाई. आज मानानं टांगला. उद्या कोणी कशानं टांगंल, ते कोणी तरी बघाया पायजे."

कंडक्टर ओरडायला लागला. आम्ही चढलो. मागच्या काचेतून दिसलं, मुंजाभाऊंचा एक पुतण्या मावशींची ट्रंक घेऊन वस्तीकडं निघाला होता.

परतीच्या वाटेत मला मावशींचा इतका राग आला होता की मी सुदामशीही बोलले नाही. सुदामला मात्र भूक लागली होती, त्यानं सगळ्या भाकरी संपवल्या. तुम्ही कधी त्या रस्त्यानं गेलात तर फाट्यावर चहाला थांबा. जुनं हॉटेल आता नाही, दुसरी पुष्कळ आहेत, आणि काचेच्या ग्लासात चहा सगळ्यांना मिळतो. यात नवल वाटावं असं तुम्हाला काही दिसणार नाही.

मी घरी पोचले तेव्हा नवरा दारात उभा होता. माझ्या मागं कोणी येतंय का, ते बघत होता.

"मावशी न्हाई आल्या?"

"न्हाई," मी म्हटलं. "त्यांना रोज चहाला जायचंय."

आणि मांडवात राहून गेलेलं सगळं रडू मला तिथं उंबऱ्यात आलं.